चिंधीसकट

हे मी कोणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आणि आता ती राहिली नाही. मुलापाशीही नाही — तो ऐकून घेईल आणि म्हणेल, जाऊ द्या बाबा, जुनी गोष्ट आहे. म्हणूनच त्याला सांगायचं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, माझ्या गावाचं नावही मी सांगणार नाही, तेव्हा तुमच्यापाशी तोंड उघडणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण लिहायला बसलो आणि सकाळपासून तीनदा उठलो. मागचं दार लावलं आहे का ते पाहून आलो. लावलेलं होतं.

हसू आलं ना? हसा. गावही हसायचं.

मी कडी लावतो, आणि कडी लागत नाही — म्हणजे लागते, डोळ्यांना दिसते, पण मला लागल्यासारखी वाटत नाही. कसं समजावू? तुम्ही कडी घालता तेव्हा बोटांना तिचा धक्का लागतो आणि कानाला खट्ट ऐकू येतं. दोन्ही एकाच वेळी, बरोबर? तुम्ही कधी विचारसुद्धा केला नसेल. माझं तसं होत नाही. आधी बोटांना लागतं, आणि आवाज मागून येतो. अगदी थोडा मागून, पापणी लवेल इतका. पण तेवढ्या फटीत शंका शिरते, की हा आवाज माझ्या कडीचा नव्हेच. दुसऱ्याच कोणीतरी कुठेतरी काहीतरी केलं. मग मी कडी काढतो आणि पुन्हा घालतो, दोन्ही एकत्र येतील या आशेने. कधी चौथ्या वेळी येतात. कधी विसाव्या वेळीही येत नाहीत. विशीत असतानाच हे सुरू झालं, आणि का झालं ते मला ठाऊक नाही.

बायको सुरुवातीला थट्टा करायची. "कडीले काय इचारून राह्यले? ते काई बोलन का?" पुढे थट्टा बंद झाली. ती आत भात वाढून बसायची आणि भात निवायचा.

आता तलावाचं सांगतो, कारण सगळं तिथेच झालं.

चंद्रपूरकडच्या मूल गावाच्या बाजूला आमचा धानाचा पट्टा. आमच्याकडे धान पिकतो तो तलावावर. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती, कागदोपत्री तलाव सरकारचा झाला होता, पण पाणी सोडायचं-धरायचं ते गावच बघायचं आणि पाटील म्हणतील तसं. तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, आतल्या अंगाने दगडी पायऱ्यांचं बांधकाम असतं. त्याला आम्ही तुडूम म्हणतो. प्रत्येक पायरीला एक भोक आणि भोकात लाकडाचा दट्ट्या. तलाव भरलेला असला की वरचा दट्ट्या काढायचा, पाणी उतरलं की त्याच्या खालचा. काढला की पाणी पाळीखालच्या नळातून पलीकडच्या पाटात जातं. संध्याकाळी कंबरभर पाण्यात उतरून दट्ट्या पुन्हा ठोकायचा. दट्ट्याला चिंधी गुंडाळावी लागते. आमचे दट्टे जुने, झिजलेले. चिंधी नसली तर दट्ट्या भोकाला बारीक पडतो, थोडा वेळ तिरका अडकून राहतो, आणि मग पाणी त्याला आत ओढून घेऊन जातं.

हे काम गावाने मला दिलं. का, ते ऐका. पाटील चारचौघांत म्हणाले, हा पोरगा घराची कडी दहादा पाहतो, याच्या हातून थेंब वाया जायचा नाही. लोक हसले, मीही हसलो. माझी खोड गावाच्या उपयोगाची निघाली याचा मला आनंद झाला — खोटं कशाला बोलू?

पण पाण्याखाली ते जास्तच वाढलं. दट्ट्या बसला की हाताला गच्च लागायचं, आणि मग पाण्यातून डब्ब असा आवाज यायचा. मागून. नेहमी मागून. मी तो काढायचा, चिंधी नव्याने गुंडाळायची, पुन्हा ठोकायचा. घराकडे निघायचं, आणि पाळीच्या टोकाला चिंचेपाशी पोचलं की वाटायचं, बसला नाही. परत फिरायचं. बायाबापड्या वावरातून परतताना बघायच्या की हा अजून पाण्यात. एकदा पाटलांनी पाळीवरूनच हाक मारली, "आज काय मुक्काम करतं का बे तिथी?"

आणि मग मी शोधायला लागलो. काय शोधायला? माणूस. तुम्हीच सांगा, मी रोज दट्ट्या लावतो, आणि तो लावला असं मला कधीच वाटत नाही — तर कोणीतरी तो काढत असलं पाहिजे, हो ना? माझ्या पाठीमागे. मी चिंचेपाशी पोचेपर्यंत. माझ्या हाताला जे पटत नव्हतं त्याचं कारण मला बाहेर कुठेतरी हवं होतं. स्वतःच्या हातावर संशय घेऊन माणूस किती दिवस जगेल?

सोमा सापडला.

सोमा ढिवर. आमच्या गावात ढिवरांची चार घरं होती, तलावातली मासोळी त्यांची, पिढ्यान् पिढ्यांची रीत. सोमा उंच, सडपातळ, तिशीचा. त्याला बायको आणि दोन मुली. सकाळी सगळ्यांच्या आधी तो तलावावर यायचा, संध्याकाळी जाळं लावून जायचा. मला तो पाणीवाले भाऊ म्हणायचा. मी पाण्यात कुडकुडत असलो की पाळीवर उभा राहून विचारायचा, काही धरू लागू का. त्याने कधी माझी थट्टा केली नाही. आणि नेमकं तेच मला खटकायला लागलं. सारं गाव हसतं, हा का हसत नाही? जाळं तुडुमाच्या एवढ्या जवळ का लावतो? पाणी उतरलं की मासोळी हातानं धरता येते — मग पाणी उतरलेलं कोणाला हवं असणार?

मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. मला जागेपणीच दिसायला लागलं. ओल्या पावलांचे ठसे दिसले, तर ते सोमाचे. माझेही असू शकत होते, पण नाही, ते सोमाचेच. आणि मी हे मनात ठेवलं नाही. पाटलांच्या कानावर एकदा घातलं, सहज बोलता बोलता. पुन्हा एकदा घातलं. त्या वर्षभरात चार-पाचदा तरी. पाटील नुसते हूं म्हणायचे. पण घातलेलं कुठे जात नाही.

आता ती संध्याकाळ.

दसरा उलटला होता. पाऊस त्या साली लवकर गेला होता. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, पण उशिरा येणारा भारी धान नुकता निसवलेला, दाणा भरायचा होता, आणि त्याला अजून एक पाणी लागणार होतं. तेवढंच पाणी तलावात होतं. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच — शेवटचं पाणी, शेवटचं पाणी. आदल्या दिवशी पाटलांनी मला चिंचेपाशी अडवून सांगितलं होतं की परत पाण्यात डुबक्या मारताना दिसलास तर दुसरा माणूस ठेवीन, लोक हसतात गावाला. मी घरी येऊन शपथ घेतली होती, उद्यापासून एकदाच.

एकदाच? मी दट्ट्या लावला. आवाज मागून आला. मी काढला. पुन्हा लावला. असं किती वेळा केलं ते आठवत नाही. पाणी गार होतं, बोटं सुन्न झाली होती, आणि बोटं सुन्न झाली की फट आणखी वाढते. शेवटी मी दट्ट्या काढला, चिंधी सोडली, पिळली, नव्याने गुंडाळायला घेतली — आणि पाळीवर बोलणं ऐकू आलं. पाटील आणि आणखी दोघंतिघं, हसत येत होते. चिंचेच्या अलीकडेच होते.

मी दट्ट्या भोकात कोंबला, वरून मूठ मारली आणि बाहेर आलो. आवाज ऐकायला थांबलो नाही. पाळीवरून त्यांना रामराम केला. पाटील म्हणाले, "आज लवकर सुटला गा!" मी हसलो. पाय भराभर उचलत घरी आलो.

अंगणात आलो तेव्हा कळलं की डावी मूठ आवळलेली आहे. उघडली. आत चिंधी होती.

थांबा. इथे मला घाई करायची नाही.

वर्षानुवर्षं मी काहीही कारण नसताना परत फिरत होतो. काही चुकलेलं नसताना. आणि आज माझ्या तळहातावर ओली चिंधी होती. शंका नव्हे — चिंधी. हातात धरता येईल अशी. तेव्हा मी काय केलं? परत फिरलो नाही. मी म्हणालो, ही जुनी असेल, दुसरी गुंडाळलेली असेल. मी म्हणालो, हा तोच आपला नेहमीचा भ्रम, आज बळी पडायचं नाही. असं म्हणालो खरा, पण त्यावर माझा विश्वास होता का? नव्हता. एक क्षणही नव्हता. मला पक्कं ठाऊक होतं. पण पाटील पाळीवर बसले असतील, ते बघतील, उद्या दुसरा माणूस ठेवतील — एवढंच माझ्या डोक्यात होतं. गावाच्या धानापेक्षा मला माझी लाज मोठी वाटली.

मी चिंधी चुलीत टाकली. ओली असल्याने ती पेटेना, नुसती धुमसली, आणि घरभर धूर झाला. बायको डोळे पुसत म्हणाली, "चिंधी काऊन जाळून राह्यले?" मी म्हणालो, सडली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. पुढे अनेक वर्षं आम्ही संसार केला, आणि अनेक वर्षं मला संशय होता की तिला सगळं माहीत आहे. तिने कधी विचारलं नाही. मीही कधी विचारलं नाही की तू का विचारत नाहीस.

त्या संध्याकाळी मी जेवलो. झोपलोही.

सकाळी ओरडा झाला. सगळे पाळीकडे धावले, मीही धावलो. तलाव दोन पायऱ्या उतरला होता. उरलं होतं ते इतकं खाली की शेतात चढणार नव्हतं. कापून पसरलेला हलका धान खालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे शेतांत, तरंगत होता, आणि पाणी भारी धानाला न लागता तिथूनच नाल्याला गेलं होतं. आणि तुडुमापाशी चिखलात सोमा उभा होता, उघड्या अंगाने, गळ्यापर्यंत माखलेला. सकाळी सगळ्यांच्या आधी तो आला होता, रोजच्यासारखा. त्याने पाणी जाताना पाहिलं, पलीकडे पाटात वाहून पडलेला दट्ट्या शोधून आणला, चिंधी नाही म्हणून खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यावर गुंडाळला आणि भोक बंद केलं. जे काही थोडं पाणी वाचलं ते त्याने वाचवलं होतं.

लोकांनी काय पाहिलं? लोकांनी पाहिलं की भोकात सोमाचा दुपट्टा आहे. बाजूला चिखलात मासोळी तडफडते आहे.

पाळीवर वडाखाली शेंदूर फासलेला वाघोबा आहे. आमच्याकडे मोठं काही असलं की तिथेच बसतात. सोमा सांगत होता, हात जोडून, पुन्हा पुन्हा तेच. त्याची बायको दूर उभी होती, मुलींना पदराखाली घेऊन. एकजण म्हणाला, सोमा कशाला आपल्याच धंद्याचं पाणी काढेल? दुसरा म्हणाला, मासोळीसाठी. मग पाटील माझ्याकडे वळले. खरं तर त्यांना माझ्यावर शंका नव्हतीच. कोणालाच नव्हती. बायासुद्धा आपसात म्हणत होत्या, "तो? तो तर सात डाव पाह्यते." मी दट्ट्या न लावता घरी जाईन हे सूर्य पश्चिमेला उगवण्यासारखं होतं. माझी खोड माझ्या बाजूने उभी राहिली.

पाटील म्हणाले, वाघोबावर हात ठेव आणि सांग. बंद केला होता?

मी हात ठेवला आणि म्हणालो, केला होता.

तिथे थांबलो असतो तर — नाही, तर काही नाही. पण मी थांबलोही नाही. कोणी विचारलं नव्हतं. चिंधीचं नावही कोणी काढलं नव्हतं. मीच पुढे बोललो, "चिंधीसकट."

आणि आता जे सांगतो आहे ते मला सगळ्यात जड जातं आहे. तो शब्द तोंडातून निघाला त्याच क्षणी हाताला दगडाचा गारवा लागला. त्याच क्षणी. हात आणि आवाज एकत्र आले. मध्ये फट नव्हती. कित्येक वर्षांत पहिल्यांदा काहीतरी पक्कं बसलं, जसं तुमचं रोज बसतं तसं. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. समोर सोमा माझ्याकडे तोंड उघडं ठेवून बघत होता, आणि माझ्या छातीत निवल्यासारखं झालं होतं.

ढिवरांची मासोळी बंद झाली. फक्त सोमाची नाही, चारही घरांची. दिवाळीआधी सोमा बायकोमुलींना घेऊन गाव सोडून गेला. बाकीची तीन घरं उन्हाळ्यात गेली, कोणी वैनगंगेकडे, कोणी बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात मजुरीला. त्या साली गावात अर्धा भारी धान पोचट निघाला. लोक सोमाला शिव्या देत पोचट धान पाखडत होते, आणि मीही त्यांच्यात बसून पाखडत होतो. तुडुमावर गावाने मलाच ठेवलं. पुढे पुष्कळ वर्षं. भरवशाचा माणूस.

कड्या, दट्टे, दिवे — ते सगळं पंधरा दिवसांत परत आलं. आवाज परत मागून यायला लागला. आता म्हातारपणी मुलाने चंद्रपूरला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हा आजार आहे, बऱ्याच जणांना असतो, तुमचा दोष नाही. चांगला माणूस. आजाराने मला पाण्यात परत परत नेलं असेल, ते मी मान्य करतो. पण चुलीत चिंधी मी टाकली. आणि तो शब्द कुठल्या आजाराचा नाही.

एवढ्यावर संपत असतं तर मी कदाचित लिहिलंच नसतं. खोट्या शपथा पुष्कळांनी घेतल्या असतील.

दोन वर्षांनी मी धान घेऊन मूलला गेलो, राईस मिलवर. गाडी उभी केली, आणि पोती उतरवायला जो हमाल आला तो सोमा. वाळला होता. मला वाटलं, आता हा चारचौघांत ओरडेल. तो ओरडला नाही. "पाणीवाले भाऊ," म्हणाला, आणि गावचं विचारलं, पाण्याचं विचारलं, धान कसा आहे विचारलं. मग एका पोत्याचं तोंड सैल झालं होतं ते त्याने बांधलं. गाठ मारली. ओढून पाहिली. सोडली आणि पुन्हा मारली. पुन्हा ओढून पाहिली. मी त्याच्या बोटांकडे बघत होतो. पलीकडून मुकादमाने हाक मारली, "अबे सोमा, होये का नाई?" — सवयीची हाक होती ती.

मग तो जवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "भाऊ, एक इचारू? तुमी देवाले हात लावून सांगतलं. तुमी खोटं काऊन सांगसान? मंग मीच इचार करून राह्यलो. आदल्या सांजेले जाळं लावतानी माह्या पाय तं नसन लागला दट्ट्याले? मले तं आठवत नाई. पर लागला असन का?"

त्याला माझा संशय आला नव्हता. त्याने स्वतःवर घेतला होता. दोन वर्षं तो त्या संध्याकाळी परत परत जात होता आणि आपला पाय आठवून पाहत होता. ते काय असतं हे जगात मला जितकं ठाऊक होतं तितकं कोणालाच नव्हतं. आणि त्याला तिथून सोडवणारा एकच माणूस होता, तो त्याच्यासमोर उभा होता. दोन शब्दांचं काम होतं. आजूबाजूला आमच्या गावचं कोणीही नव्हतं. पाटील नव्हते, वाघोबा नव्हता. मला कशाचीच भीती नव्हती.

मी म्हणालो, "असन बापा. पाय लागला असन."

त्याने मान हलवली. तो पोत्याकडे वळला आणि गाठ आणखी एकदा ओढून पाहिली. मी गाडी जुंपली आणि दिवेलागणीला घरी पोचलो. त्या दिवशी दाराची कडी मी एकदाच लावली.